बोट कुठं ठेवलं?

(दृश्य: पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतोय.)

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केजकडची गावं ऊसतोडीसाठी रिकामी व्हायला लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याचे हंडे, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर लेकरं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल आधीच खर्चून झालेली असते. अंग दुखतंय म्हणून मागं राहायची सोय नसते.

"कंबर दुखायलीय लई दिवसापास्नं." हे वाक्य इथं प्रत्येक ट्रॉलीपाशी ऐकू येतं.

पण आपल्याकडं कंबर म्हणजे पाठीपासून मांडीपर्यंत सगळंच. म्हणून जाणता डॉक्टर गोळी लिहायच्या आधी म्हणतो, "मावशी, बोट ठेवून दाखवा."

बोट मागं, कुल्ल्यावर गेलं, तर बहुतेकदा मूळ मणक्यात असतं. कुशीवर झोपल्यावर जमिनीला टेकणाऱ्या बाहेरच्या हाडावर गेलं, तर तिथले स्नायूबंध दुखावलेले असतात. त्रास होतो, पण घाई नसते. आणि बोट पुढं जांघेत गेलं, की संशय खुब्यावर. शाळेत 'उखळीचा सांधा' म्हणून शिकलो तो हाच.

(दृश्य: उसाच्या फडात फळीवरून मोळी चढवणारी बाई.)

तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन या बाया फळीवरून ट्रकवर चढतात, दिवसभर. असल्या कामानं खुब्याच्या मानेला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, केसाएवढी चीर पडू शकते. सुरुवातीला ओझं घेतल्यावरच जांघेत दुखतं, बसलं की थांबतं. म्हणून कुणी मनावर घेत नाही. साध्या एक्सरेत ही चीर कधी कधी दिसतही नाही, एमआरआय लागतो. तसंच ओझं वाहत राहिलं, तर एक दिवस हाड पुरतं मोडतं.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनानं समिती नेमली. पिशवीबरोबर बीजाशयंही गेली असतील, तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटतं आणि हाडं तिशी-चाळिशीतच ठिसूळ व्हायला लागतात. या बाईच्या जांघेतल्या दुखण्याला 'उसण भरली' म्हणणं मला तरी पटत नाही.

आणि ती बाजारातली दुखण्यावरची बिननावाची पुडी. दोन दिवसांत दुखणं पळालं, तर कौतुक करू नका, शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते फार दिवस पोटात गेलं, किंवा दारू रोजची झाली, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरतं. पस्तिशीतला गडी पंगतीत मांडी घालून बसेना झाला, की इथंच बघायचं. सुरुवातीला याचाही एक्सरे साफ येतो.

(दृश्य: घराच्या मागची न्हाणी.)

म्हातारी न्हाणीत घसरली. एक पाय आखूड दिसतोय, पंजा बाहेर वळलाय, झोपल्या जागी टाच उचलत नाही. हाडवैद्य नको, तेल नको, ओढाताण तर नकोच. १०८ लावा. पण फसवणारी म्हातारी वेगळीच असते: पडल्यावर भिंत धरून चालते, "काय झालं नाही मला" म्हणते, आणि आत मोडलेलं हाड एकमेकांत रुतून बसलेलं असतं. पडल्यानंतर जांघ दुखत असेल, तर चालणारीलाही दवाखान्यात न्या.

लेकराचं गणित त्याहून उलटं. खुबा बिघडलेला असतो आणि लेकरू बोट ठेवतं गुडघ्यावर, कारण दोन्हीकडं जाणाऱ्या नसा एकच. गुडघ्याचा एक्सरे चांगला, तरी पोर लंगडतंय? खुबा तपासायला सांगा. चार ते आठ वर्षांच्या लेकरात खुब्याचा गोळा रक्तपुरवठा तुटून खचू शकतो, वयात येणाऱ्या जाड पोरात तो जागेवरून सरकू शकतो. आणि ताप आहे, पायाला हात लावू देत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याला सकाळपर्यंत थांबवायचं नाही. रात्रीच निघायचं, अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथं, नाहीतर संभाजीनगरच्या 'घाटी' या सरकारी दवाखान्यात.

संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं: यात हाडाचा टीबीही असतो, आणि पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसात तो हाडात उतरलेलाही असतो. लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मणक्यातली नस दबलीय, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

(दृश्य: पुन्हा ट्रॉली. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, खाली उभी आहे.)

"काकू, कुठं दुखतंय ते दाखव बरं."

काकू लुगडं सावरते. बोट जांघेत जातं.

आशाताई मुकादमाकडं वळते. "हिला उतरवा. आधी फोटो काढू खुब्याचा, मग बघू."