पानं घेतली आहेत

नमस्कार मंडळी. 'मिरजेतल्या घरगुती बैठका' असा विषय संयोजकांनी दिला, तेव्हा मी त्यांना आधीच सांगितलं की मला आईवरच बोलावं लागेल. बैठकांची माझी ओळख तिच्यामुळेच झाली.

मिरजेत गाणं मुरलेलं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत वारले, पण विसावले ते इथे, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. त्यांची मुलगी, गायिका हिराबाई बडोदेकर, यांचा जन्म इथला, १९०५ चा. उरसाला दर्ग्यात चिंचेखाली गाण्याची हजेरी लावायला गायक-वादक लांबून येत, आजही येतात. आमच्या लहानपणी त्यातले काही जण आमच्या घरी उतरायचे. दर्ग्यातली हजेरी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोप्यात बैठक. सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, दोन लोड. तीस माणसं बसली की दार लावून घ्यायचं.

आईचे त्या दिवसाचे नियम ठरलेले होते. बैठक सुरू झाली की घरात फोडणी नाही. मिरचीची फोडणी माजघरातून सोप्यात पोचायला किती वेळ लागतो? ठसका लागला तर गवयाचा गळा गेला. म्हणून कढी चारच्या आत फोडणीला घालून तयार, मुगाची खिचडी तेवढी शेवटी, तीही वरून तूप घालून. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक ती हाताने थांबवायची, कारण विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात त्याची टिकटिक तालाशी भांडते. सकाळी शेजारच्या काकूंना वेळ विचारून घड्याळ पुन्हा चालू करायची.

आणि सगळ्यात मोठा नियम पाहुण्यांचा. चहा आधी तबलजीला, मग पेटीवाल्याला, मग तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्याला, मग गाडी चालवत आलेल्याला. मी एकदा गवयांसमोर कप धरला, तर ती आत नेऊन म्हणाली, "अगं, बुवांना सगळेच विचारतात. त्या पोराने सकाळपासून काही खाल्लंय का, ते कोण बघणार?" तो शिष्य पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तिने त्याला स्वयंपाकघरातच पाट मांडून दूध-भाकरी वाढली. आदरातिथ्यावर मी पुढे बरंच वाचलं, पण मला कळलं ते त्या पाटापाशी.

आता तंबोरा. आपल्या गावात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि पुढे सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरचा तंबोराही त्याच गल्लीतला. तो सुरात लावायची आई. लग्नाआधी ती काही वर्षं गाणं शिकली होती. लग्नानंतर ते थांबलं. पण तंबोरा लावायचं काम पाहुणे आपणहून तिच्याकडे द्यायचे, कारण तिचा कान त्यांना माहीत होता.

ती आधी जोड, म्हणजे मधल्या दोन 'सा'च्या तारा जुळवायची, मग पंचम, म्हणजे 'प'ची तार, शेवटी खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची. खुंटीने जमलं की तारेतल्या मण्याने बारीक. मग घोडीवर तारेखालचा दोरा. तो बोटाच्या नखाने केसभर सरकवायची, तार छेडायची, पुन्हा सरकवायची. अचानक आवाज उघडायचा, जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झंकार, बोलायला लागायची. आणि मग खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे 'ग', ऐकू यायचा. चारपैकी एकही तार गंधाराला लावलेली नसते, मंडळी, तरी तो येतो. तो आला की आई मान वर करायची. तोवर कुणी घाई केलेली तिला चालायची नाही, भले समोर कितीही मोठे गवई असोत.

एक गोष्ट मला बोललीच पाहिजे. इतक्या बैठका झाल्या, पण आईला कुणी "तुम्ही दोन ओळी म्हणा" असं म्हटलं नाही. पाहुण्यांनी नाही, वडिलांनी नाही, आणि मीही नाही. आम्हाला तिचं गाणं हवं होतं, हे आम्हाला सुचलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

ती गेल्यावर तिच्या कपाटात साड्यांखाली एक कॅसेट सापडली. आमच्याच सोप्यातली बैठक, कुणीतरी टेप सतरंजीवर ठेवून घेतलेली. गाणं उत्तम आहे, पण मी आज ते ऐकवणार नाही. गाणं सुरू होण्याआधी टेप थोडा वेळ नुसताच चालू राहिलाय. त्यात तंबोरा लागतोय, आणि तारेशी जुळवत एक बाई हलक्या आवाजात 'सा' धरते. एकदा, मग पुन्हा. तिचा गाता आवाज आमच्याकडे एवढाच आहे. भैरवी संपल्यावर टाळ्या पडतात, सतरंजीवरून माणसं उठतात, भांड्यांचा आवाज येतो, आणि मग लांबून तोच आवाज: "पानं घेतली आहेत, चला सगळे. तबलजींना आधी बसवा."

मी हे दोन्ही तुकडे आज सोबत आणलेत. पंखे जरा बंद करता का? आधी 'सा' ऐका.