एकटीच? (पोवई नाका ते माणदेश, सायकलवरचा एक दिवस)

(अंधार. टॉर्चच्या उजेडात दोन हात कॅरिअरवरचा दोर आवळतायत.)

पहाटेचे पाच वाजलेत. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अजून चहाच्या गाड्या पण लागल्या नाहीत, दिवाळी होऊन आठच दिवस झालेत आणि थंडी आत्ताच कानात शिरायला लागलीय. मागं दोन पॅनियर बॅगा, वर तंबू, पुढं पंप, दोन जादा ट्यूबा, पंक्चरचं सामान, आणि आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी न शेंगदाण्याची चटणी. सगळं मिळून अठरा किलो होतंय, त्यातलं साडेचार किलो नुसतं पाणी, कारण आज जायचंय माणदेशात, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात.

साताऱ्यातनं कुणी सायकलला बॅगा बांधून निघालं की लोक धरूनच चालतात की हे कासला चाललंय. मला पण कास आवडतंच. पण 2012 ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कासचं पठार आहे, तिथल्या फुलांवर तंबू टाकायचा नसतो, आणि बामणोलीच्या पलीकडं कोयना अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, तिथं तर परवानगीशिवाय पाऊल ठेवायचं नाही, रात्र काढणं लांबच राहिलं. हे नियम आहेत ते बरंच आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी सायकलचं तोंड पूर्वेला करते, तिकडं उघडा माळ आहे, आणि माळावर परवानगी द्यायला माणूस असतो.

(माहुलीचा पूल. नदीवर धुकं.)

माहुलीला कृष्णा ओलांडते. इथंच वेण्णा येऊन मिळते. पुलावर जरा थांबते, खालचं पाणी दिसत नाही, नुसता वास येतो ओल्या दगडाचा. ही कृष्णा लक्षात ठेवा, ती पुढं परत भेटणारे.

कोरेगावात पहिला चहा. पहिला प्रश्न पण इथंच. "एकटीच?" चहावाल्या मामांनी सायकलकडं बघून विचारलं, मी हो म्हटलं, त्यांनी चहाचे पैसे घेतले पण वर दोन खारी ठेवली. आज दिवसभर हा प्रश्न मोजायचा असं मी ठरवलं होतं, बाराच्या पुढं मोजणं सोडून दिलं.

मग वर्धनगडचा घाट. घाट फार मोठा नाही, गाडीतनं जाताना कळत पण नाही, पण अठरा किलो घेऊन चढताना प्रत्येक वळण अंगावर येतं. सगळ्यात हलका गिअर, मान खाली, आणि पुढच्या चाकाच्या पुढं दोन हात रस्ता, बास, तेवढंच बघायचं, वर बघितलं की दम जातो. किल्ला डाव्या उजव्या कुठल्या अंगाला आला ते सुद्धा माथ्यावर पोचल्यावरच बघितलं.

माथ्यावरनं मागं बघितलं तर कोरेगावची हिरवी रानं, पुढं बघितलं तर खटाव, पिवळं पडत चाललेलं. पावसाचे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास पडला तरी लोक चांगलं साल म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछाया हा एक शब्द असतो, सायकलवर तो अख्खा दिवस असतो, ओठ फुटतात, बाटली हलकी होत जाते.

पुसेगावला सेवागिरी महाराजांना हात जोडले. इथनं जवळच नेरचा तलाव. सकाळी पुलाखाली होती तीच कृष्णा जिहे-कठापूरला उचलून ह्या तलावात आणलीय आणि इथनं पुढं माणमधल्या आंधळीच्या धरणाकडं. म्हणजे जी उंची मी पायांनी चढले ती पाणी पंपानं चढलं. माझ्या आजीच्या माहेरी पाण्याचा टँकर आला की शाळा सुटायची, म्हणून हे बघताना मला बरं वाटतं, फार बरं वाटतं.

(टायरचा क्लोजअप.)

दहिवडीच्या अलीकडं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, दुसरं काय. माणमध्ये पंक्चर काढताना घाई करायची नाही, ट्यूब बदलली न झालं असं करायचं नाही, कारण काटा टायरमध्येच असतो. टायर आतनं फडक्यानं हळूहळू पुसत जायचं, कापड अडकलं की तिथं थांबायचं. मला तीन ठिकाणी अडकलं. तिसरा काटा इतका बारीक की बोटाला नुसता खरखर लागत होता, शेवटी नखानं नाही निघाला, दातानं ओढला. पाऊण तास गेला ह्यात.

त्यामुळं गोंदवल्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. गोंदवलेकर महाराजांच्या समाधी मंदिरात दुपारचा महाप्रसाद असतो, कोण कुठला विचारत नाहीत, पान मांडतात. मांडी घालताना गुडघे कुरकुरले, आमटी-भात दोनदा घेतला, आणि झाडाखाली तासभर आडवी झाले.

आता खरी गोष्ट. चारनंतर माझं रस्त्याकडं लक्ष नसतं, जागेकडं असतं. लोकांना वाटतं बाहेर झोपायचं म्हणजे दिसेल तिथं तंबू टाकला. मी पण तसंच करायचे. गेल्या वर्षी वाळव्याच्या बाजूला उसाच्या बांधाला, अंधार पडल्यावर, कुणाला न विचारता टाकला होता. शेतीची लाईट आठवडा आठवडा रात्रीची असते, हे मला माहीत असून मी विसरले. रात्री एकच्या सुमाराला पाठीखाली गार लागलं, उठून बसले तर आत पाणी, आणि बाहेर बॅटरी घेऊन एक माणूस, उसाला पाण्याची दारं धरायला आलेला, हातात खोरं. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. रानातनं मोटरी, केबल चोरीला जातात, त्याला वाटलं चोरच. मग तोच मला घरी घेऊन गेला, त्याच्या बायकोनं कोरडी साडी दिली, आणि उसाच्या कडेला बिबट्या असतो बाई, परत असं करू नको म्हणाली. तेव्हापासून अंधाराच्या आत माणूस शोधायचा, विचारायचं, मगच थांबायचं.

म्हसवडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, बाजरी काढून मोकळं झालेलं रान दिसलं आणि त्यात धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, उतरलेला. दीडदोनशे मेंढरं, तीन घोडी, चार कुत्री. दिवाळी झाली की माणदेशातले धनगर असे पश्चिमेला निघतात, काही पार कोकणापर्यंत. कुत्री धावून आली तशी मी सायकलवरनं उतरून जागेवरच उभी राहिले. एका आबांनी हाळी देऊन त्यांना गप केलं.

"पोरी, एकटीच हायस व्हय?"

"व्हय आबा. रातच्यापुरता तंबू टाकू का हितं?"

"मला काय इचारतीस, रान आमचं न्हाई. मालकाला इचार, ती वस्ती दिसती का? आमीबी इचारूनच बसलोय."

मी वस्तीवर गेले. मालकीणबाईंनी आधी पाण्याचा तांब्या दिला, मग घरातच झोप म्हणून आग्रह केला, मग म्हणाल्या, "मोटर बाराची हाय, पर त्या रानात पाणी न्हाई सोडत. बिनघोर झोप." रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंडी-मुताचं खत होतं, त्याचं धान्य किंवा पैसे शेतकरी धनगराला देतो. आणि मी? मला त्यांनी काहीच मागितलं नाही.

परत आले तर आबांनी वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, दोन मेखा उपटून आत घेतल्या होत्या. माझ्या तंबूपुरती कोपऱ्यात जागा. चूल पेटलेलीच होती. माझी भाकरी आणि त्यांचं कालवण, आजींनी मेंढीच्या दुधाचा चहा दिला, दाट, जरा खारट. गवत वाळलेलं होतं म्हणून आजींनी जेवणं झाल्यावर चुलीतला एकेक निखारा पाण्यानं विझवला, बोटानं राख चाचपून बघितली.

(काळा पडदा. फक्त आवाज.)

रात्री मला जाग आली ती खोकल्यानं. तंबूला अगदी लागून एक म्हातारा माणूस खोकत होता. अंग ताठ झालं. चेन दोन बोटं उघडून बघितलं, मेंढी. मेंढी अगदी माणसासारखी खोकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडं आबा घोंगडं पांघरून बसलेले, लांडग्याच्या राखणीला. न वळताच म्हणाले, "कुत्री भुकत्यात तवर झोप. गप झाली तर मी उठवीन."

झोपले मी. घरी झोपते तशी.

पहाटे उठले तेव्हा आजी घोडीवर बिऱ्हाड लादत होत्या, भांडी, गुंडाळलेली वाघर, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि एका झोळीत रात्रीच जन्मलेलं कोकरू. "म्हसवडला नाथाच्या पाया पड, आमच्याबी वतीनं," एवढं बोलून त्या चालायला लागल्या. मी ज्या घाटातनं आले तिकडं ते निघाले.

तंबूवर दव होतं, वाळेपर्यंत थांबावं लागलं. ऊन वर आलं तसे रानाचे मालक खोरं घेऊन आले. सगळं रान लेंड्यांनी काळंभोर, आणि मी तंबू उचलला तिथं एक कोरा चौकोन, सात बाय चार फुटाचा. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. मी सायकल बाभळीला टेकवली, खोरं मागून घेतलं, आणि कडेची लेंडी त्या चौकोनात ओढायला लागले.