एका बटणामागची माणसं

मित्रहो, आज मी अख्खी वेबसाइट दाखवणार नाही. एकच बटण दाखवणार आहे. फॉर्मच्या शेवटी असतं ना, 'अर्ज पाठवा', तेच.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी पहिली वेबसाइट सर्वांसाठी खुली केली, तेव्हा पान, ते दाखवणारा ब्राउझर आणि ते पाठवणारा सर्व्हर हे सगळं त्यांच्याच हातचं होतं. नंतरही काही वर्षं 'वेबमास्टर' नावाचा एकच माणूस सगळं सांभाळायचा. पण १९९४ मध्ये होकोन व्हियुम ली यांनी सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेची, कल्पना मांडली, १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानाचं वागणं ठरवणाऱ्या भाषेचा, पहिला अवतार लिहिला, आणि पानाची रचना, त्याचं दिसणं, त्याचं वागणं या तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. हळूहळू त्या करणारी माणसंही वेगळी झाली.

आता बटणाकडे या. हा फॉर्म मुळात हवा का, कुणाला हवा, तो माणूस कुठे अडतो, हे यूएक्सवाला, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव बघणारा, शोधतो. बटणावर 'सबमिट' लिहायचं की 'अर्ज पाठवा', हे मजकूर लिहिणाऱ्याचं काम. रंग डिझायनर ठरवतो, पण तिथेही नियम आहेत: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ हवा. फिकट राखाडी बटणावर पांढरी अक्षरं डिझायनरच्या महागड्या स्क्रीनवर छान दिसतात, उन्हात मोबाइल धरलेल्या माणसाला दिसत नाहीत.

मग येतो फ्रंट-एंड डेव्हलपर, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसतं ते बांधणारा. एचटीएमएल या पानाची रचना लिहायच्या भाषेत बटण तयार मिळतं. तरी कित्येक जण साधा चौकोन रंगवतात आणि त्याला क्लिक जोडतात. माउसला फरक कळत नाही. पण कीबोर्डवरची टॅब दाबत या, ती त्या चौकोनावर थांबतच नाही. अंध वापरकर्त्याला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. एकदा मी माउस बाजूला ठेवून आमच्याच टीमचा फॉर्म भरायला बसलो. सगळी माहिती भरून झाली आणि अर्ज काही पाठवता येईना. त्या दिवसापासून अॅक्सेसिबिलिटी, म्हणजे सगळ्यांना वापरता येणं, हे 'कुणीतरी नंतर बघेल' असलं काम आहे, हे मला मान्य नाही.

बटण दाबलं की माहिती बॅक-एंडकडे, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागाकडे, जाते. ब्राउझरमध्ये तपासणी झालेली असली तरी इथे ती पुन्हा करायची, कारण ब्राउझरकडून आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नसतो. डेटाबेस, सर्व्हर, बॅकअप सांभाळणारी माणसं याच बाजूला. त्यांच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

खरी गंमत आता. नेट मंद आहे, माणूस वैतागून बटण दोनदा दाबतो. दोन अर्ज गेले. चूक कुणाची? फ्रंट-एंडने पहिल्या दाबानंतर बटण बंद करायला हवं होतं, बॅक-एंडने तोच अर्ज दुसऱ्यांदा घ्यायला नको होता, आणि डिझायनरने 'पाठवत आहोत' ही अवस्था रेखाटायलाच हवी होती. वेबसाइट बिघडते ती बहुतेकदा अशीच, दोन कामांच्या सांध्यावर. म्हणून मला टेस्टर फार मोलाचा वाटतो. तो मुद्दाम दोनदा दाबतो, मध्येच नेट बंद करतो, नावाच्या रकान्यात पानभर मजकूर चिकटवतो. त्याला शेवटच्या आठवड्यात बोलावू नका, पहिल्या बैठकीला बसवा.

आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही. अर्ज गेला नाही तर काय दाखवायचं, हे सहसा कुणी ठरवलेलंच नसतं. मग डेव्हलपर घाईत लिहून टाकतो: 'काहीतरी चुकलं.' त्याऐवजी हे वाचा: 'तुमचा अर्ज पोहोचला नाही. भरलेली माहिती तशीच आहे. पुन्हा पाठवा.' शब्द साधे आहेत, पण पहिलं वाक्य बॅक-एंडने नक्की काय झालं ते कळवल्याशिवाय लिहिता येत नाही. दुसरं खरं ठरायला फ्रंट-एंडने माहिती जपलेली असावी लागते. आणि तिसऱ्या वाक्यापाशी ते बटण पुन्हा दाबता येण्याजोगं झालेलं असावं लागतं.