खोडलेला शब्द आणि डिंकाखालचा शब्द

(वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, हातानं लिहिलेल्या पत्रातून माणूस कसा कळतो, यावर मी तीन मुद्दे काढून आणलेत. पण आधी एका इनलँडची, म्हणजे घडी घालून चिकटवायच्या टपालाच्या पत्राची गोष्ट सांगते. ती ऐकल्याशिवाय मुद्दे कोरडे वाटतील.

1978 साली माझं लग्न ठरलं. मी सांगलीची, हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात. कांदेपोह्यांच्या वेळी खोलीत नऊ माणसं, आणि यांचा आवाज मी ऐकला तो ‘पाणी मिळेल का’ एवढाच. लग्नाला पाच महिने होते. घरी फोन नव्हता. ओळख व्हायची ती पत्रांतूनच.

पहिल्या पत्राची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ अशी! हसा, आम्ही बहिणीही हसलो होतो. समास सरळ, एक खाडाखोड नाही. कच्चं लिहून मग उतरवलेलं. त्यात मला माणूस सापडेना. तिसरं पत्र मात्र रात्रपाळीत लिहिलेलं. ओळी उतरत गेलेल्या, शाई मध्येच निळ्याची काळी झालेली, आणि ‘तुझी’ लिहून, खोडून, पुढे ‘तुमची आठवण आली’. खोडलं होतं एकाच रेघेनं. लपवायचंच असतं तर गिरवून काळं केलं असतं. त्या रेघेपाशी मला हा माणूस पहिल्यांदा भेटला.

याच पत्रानं घोळही घातला. इनलँडचा कागद तोच लिफाफा, आत दुसरं काही घालायची मुभा नाही, म्हणून सगळे घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहायचे. यांनीही लिहिलं. मी घाईनं बोटानं उघडलं आणि डिंकाला चिकटून एक शब्द गेला. उरलं एवढंच: ‘आईला सांगितलंय, मला … नको.’ बाबांना रात्रभर झोप नाही. काय नको? मुलगी नको? मी लाज सोडून विचारलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर. पोस्टमनमामांनी अंगणातूनच वाचून दाखवलं: ‘घड्याळ नको. मानपानाचं काहीच नको.’ इतके दिवस इनलँड पाठवणाऱ्यानं नेमकं हेच उघड्या कार्डावर का लिहिलं? बाबांनी वाचावं म्हणून.

पाचच मिनिटं उरलीत म्हणतात, तर मुद्दे भराभर सांगते.

एक, खाडाखोड. टाइप केलेल्या मजकुरात बदललेला शब्द मागमूस न ठेवता जातो. कागदावर मनात आधी काय आलं तेही राहतं.

दोन, हात. सुंदर अक्षराशी याचा संबंध नाही. आपलं अक्षर वाईट याची खंत गांधीजींना कायम होती. लिहून लिहून उजवा हात दुखला की ते डाव्या हातानं लिहीत. ज्याला ते पत्र जाई, त्याला मजकुराआधी ते दमणं दिसत असणार. चांगल्या अक्षराच्या नावाखाली आपण मुलांना पत्राची भीती घातली, याचं मला फार वाईट वाटतं.

तीन, कागदाची निवड. आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 साली आलं, पाव आण्याला. ते घरभर वाचलं जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. कोणती गोष्ट उघड्यावर सांगायची आणि कोणती घडीत, हे ज्यानं त्यानं ठरवलेलं असे. आमच्या बाबांनी जावई ओळखला तो यावरूनच.

वाट पाहण्याबद्दल बोलायचं राहिलंच. दाराजवळच्या टेबलावर पोस्टकार्डं ठेवलीत, 50 पैशांना एक. खोडलंत तर एकाच रेघेनं खोडा, आणि पिनकोड नीट लिहा.