उष्णता नेमकी कुठे अडते?

मंडळी, घरी जोडलेल्या कॉम्प्युटरबद्दल हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ग्राफिक्स कार्ड ८३ डिग्रीला जातंय, अजून दोन पंखे लावू का?" थांबा. आधी कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेवा आणि तोच गेम पुन्हा वीस मिनिटं चालवा. तापमान आठ-दहा डिग्रीनं उतरलं, तर दोष कॅबिनेटमधल्या हवेचा. दोन-तीनच डिग्रीनं उतरलं, तर दोष कार्डातच आहे. मग दहा पंखे लावलेत तरी पैसे पाण्यात.

दोन्ही वेळा खोलीचं तापमानही लिहून ठेवा. बेळगावात डिसेंबरच्या रात्री खोलीत २० असेल, एप्रिलच्या दुपारी ३४. थंडीत ६८ दाखवणारं कार्ड उन्हाळ्यात ८२ दाखवतं ते बिघडलं म्हणून नव्हे. खोलीपेक्षा ४८ डिग्री वर राहणं त्यानं दोन्ही वेळा पाळलंय. बघायचं ते हे अंतर.

आता कॅबिनेटचा हिशेब. हल्लीची दोन-तीन पंख्यांची कार्डं आपली गरम हवा बव्हंशी कॅबिनेटमध्येच सोडतात. कार्ड २२० वॅट आणि प्रोसेसर ८० वॅट धरला, तर ३०० वॅटची शेगडी त्या पेटीत चालू आहे. वॅटला १.७६ नं गुणा आणि दर मिनिटाला किती घनफूट हवा पेटीतून जाते त्यानं भागा. आतली हवा खोलीपेक्षा किती डिग्री तापेल ते मिळतं. ५० घनफुटांना साडेदहा डिग्री, १०० ला सव्वापाच, १५० ला साडेतीन. म्हणजे पहिले पंखे खरं काम करतात, पुढचे नुसता आवाज. हा हिशेब समुद्रसपाटीचा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथली हवा आठेक टक्के विरळ, म्हणून साडेदहाचे साडेअकरा होतात. पणजीच्या मित्राशी आकडे जुळवताना एवढी सूट स्वतःला द्या. आणि पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा समोर काहीच नसतानाचा असतो. जाळी आणि फिल्टर आला की तो बराच घसरतो.

मांडणी साधी ठेवा. पुढून १४० मिलिमीटरचे दोन किंवा १२० चे तीन पंखे आत ओढणारे, मागे १२० चा एक बाहेर फेकणारा. बहुतेक घरांना एवढं पुरतं. वरच्या बाजूला पुढच्या टोकाशी बाहेर फेकणारा पंखा लावू नका. पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो उचलून नेतो. दिशा ओळखायला पंखा उलटून बघा. मोटार धरणाऱ्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. खात्रीसाठी पुढच्या जाळीसमोर उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो जाळीला धडकून बाजूला पसरत असेल, तर पुढची सपाट काच किंवा पत्राच हवेचा रस्ता अडवतोय.

इथे एक चूक फार जणांची होते. कॅबिनेटचे पंखे मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डावर) जोडलेले असतात आणि मदरबोर्ड ते प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. गेममध्ये प्रोसेसर ५५ वर निवांत असतो, कार्ड ८० वर, आणि पंखे झोपलेले. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि पुढच्या पंख्यांना कार्डाच्या तापमानाशी बांधा: ५० डिग्रीला ४० टक्के, ७५ ला ७० टक्के. कित्येकदा पंख्यावर एक रुपया न घालता काम होतं.

टेबलाच्या खणात कोंबलेलं कॅबिनेट मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला ऐकत नाही. मागची फळी काढा, निदान भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

धुळीचं म्हणाल तर आपल्या पट्ट्यात तिचे प्रकार आहेत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीजवळ फाउंड्रीची काळी बारीक धूळ. तिच्यात लोखंडाचे कण असू शकतात, म्हणून ती बोर्डावर साचू देऊ नका. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडे ऊसतोडणीनंतर पाचट पेटवलं की काजळी उडते. खानापुरात पावसाळ्यात ओलसर धूळ कार्डाच्या हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमध्ये नमद्यासारखी बसते, फुंकून निघत नाही. पुढचा फिल्टर महिन्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. जुलैत त्याला एक दिवसही लागतो. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर आधी टाकीतलं पाणी काढा, नाहीतर पाणी आणि तेल दोन्ही बोर्डावर जातात. हवा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळी सोडली तर ती भन्नाट फिरतात, बेअरिंगची वाट लागते.

आता काच काढायच्या चाचणीत दोष कार्डाचा निघाला तर. एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोअरचं (मुख्य चिपचं) तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा), दोन्ही बघा (काही अगदी नव्या कार्डांत हॉटस्पॉट दिसत नाही). फरक १०-१५ डिग्री असेल तर ठीक. २५-३० च्या वर गेला, तर चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक तिरका बसलाय. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड उघडायच्या आधी दुकानदाराला विचारा.

उघडायचंच असेल तर पाच मिनिटं गेम चालवून पेस्ट नरम करा, मग वीज बंद, वायर काढलेली. चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमानं थोडे थोडे सैल करा. हीटसिंक सरळ उपटू नका, किंचित पिळून सुटा करा. पंख्याच्या वायरी आखूड असतात, त्या खेचल्या तर बोर्डावरचं कनेक्टरच निघून येतं. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. प्रोसेसरवर वाटाण्याएवढा ठिपका चालतो, इथे चालत नाही. ग्राफिक्सची चिप उघडी असते, तिचा कोपरा न् कोपरा पेस्टनं झाकला गेला पाहिजे.

खरी फसगत थर्मल पॅडमध्ये, म्हणजे मेमरी चिप आणि हीटसिंकच्या मधल्या मऊ तुकड्यांमध्ये, होते. जुन्या पॅडची जाडी व्हर्निअरनं मोजा. उद्यमबागेत तो कुणाकडेही मिळेल. पण दाबलेला पॅड मूळ जाडीपेक्षा कमी दाखवतो. ०.८ मिलिमीटर आला तर मूळचा बहुधा एकाचा होता. दीडचा घातलात तर हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि गेम सुरू होताच कोअर ९० च्या पुढे. अर्ध्याचा घातलात तर उलटं होतं: कोअरचा आकडा मस्त, मेमरी मात्र हीटसिंकला टेकतच नाही. म्हणून जोडल्यावर निव्वळ कोअर पाहून पेढे वाटू नका. मेमरीचं तापमान दिसत असेल तर तेही वीस मिनिटं बघा, आणि मगच बाजूची काच परत लावा.