कऱ्हाडच्या मावशींची नोंद

(दृश्य : बेळगाव, शहापूर. साडीचं दुकान उघडतंय. गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर.)

या दुकानातली गिऱ्हाइकांची यादी आता वहीत नसते. मालकांची पुतणी ती सांभाळते, प्रोग्रामही तिनंच लिहिलाय.

गावांची नावं कुणी इंग्रजीत टाकली, कुणी मराठीत. एका नोंदीत खानापूर सगळं कॅपिटल, दुसरीत नुसतं पहिलं अक्षर. आपल्याला गाव एकच दिसतं. कॉम्प्युटरला आकडे दिसतात : कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७. हा ३२चा फरक झेडपर्यंत कायम. म्हणून दोन्ही शब्द आधी स्मॉल करायचे, मग ताडून पाहायचे. मूळ लेखन तसंच राहतं, बदल जुळवणीपुरता. तुर्कीत मात्र कॅपिटल आयचं स्मॉल रूप बिनटिंबाचं. तिथं इंग्रजीचा नियम चालत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या-नव्या नोंदी अशा जुळत नाहीत, ते शब्दच वेगळे. त्यांचा तक्ता तिनं निराळा केला.

(दृश्य : स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ‘कऱ्हाड’.)

मराठीत कॅपिटल नाही, कानडीतही नाही. तिला वाटलं, सुटलो. मग कऱ्हाडच्या मावशींची उधारी सापडेना.

“काका, कऱ्हाड टाकलं तरी काय येईना हो.”

ऱ्हमधला हा र तीन तऱ्हांनी टाइप होतो. पुढचे क्रमांक युनिकोडचे, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या यादीतले. एक, २३५३ क्रमांकाचा अखंड ऱ. दोन, २३५२चा साधा र आणि २३६४चा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब. या दोन्हींपुढे हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. तीन, साधा र, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचं, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही कऱ्हाड हुबेहूब सारखे.

पहिले दोन युनिकोडच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे एकाच अक्षराच्या निरनिराळ्या लेखनांना एक रूप देणाऱ्या नियमानं, एक होतात. तिसरा होत नाही. ते चिन्ह नुसतं पुसलं तर रफार हवर चढतो, कऱ्हाडचं कर्हाड होतं. म्हणून तिनं नियम लिहिला : र, हलन्त, जोडचिन्ह असा क्रम आला, की त्या जागी ऱ आणि हलन्त धरायचा.

मी शिकलो त्या वर्गात कॅपिटल-स्मॉलचा धडा होता, ऱचा नव्हता. आपल्या माणसांच्या नावागावांत ऱ पदोपदी येतो, म्हणून मला तो धडा आधी हवा वाटतो.

(दृश्य : ती पुन्हा शोध घेते.)

कऱ्हाडच्या तिन्ही नोंदी एकाखाली एक आल्या. मावशींची उधारी मधल्या नोंदीत होती.