अर्धा कोयता

दसरा झाला की बीडच्या गावांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. भांडी, धान्याची पोती, शेळ्या, लेकरं. त्यातच एखादी पाचव्या महिन्यातली गरोदर बाई.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते ती दोघांच्या जिवावर. बाई बसली तर उरतो अर्धा कोयता, फेडायची मात्र पूर्ण उचल. शिवाय खाडा झाला की पैसे कापतात. म्हणून ती बसत नाही.

गाव सोडण्याआधी तिनं काय काय सोसलेलं असतं! कुणाचं पीक पाण्यावाचून गेलं. कुणाच्या घरी आजारपणापायी कर्ज झालं. कुणाला थोरली लेक आजीपाशी ठेवून यावं लागलं. ती लेक रात्री फोनवर रडते.

एवढी काळजी लागली की अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. एरवी ते पुरेसं झालं की मेंदू त्याला आवर घालतो. गरोदरपणात मात्र वारेतूनही सीआरएच नावाचं संप्रेरक पाझरत असतं, आणि कॉर्टिसॉल वाढलं की तेही वाढतं. बाळंतपणाची वेळ जुळून येण्याशी त्याचा संबंध आहे. ज्या बायकांमध्ये ते लवकर चढतं, त्यांच्यात 37 आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

काळजी केली म्हणून बाळ लवकर होतंच, असं नाही. हे स्पष्ट सांगायलाच हवं. नाहीतर दोष पुन्हा तिच्याच माथी!

फडात अंधार असतानाच तोड सुरू होते. मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. झोप मोडते, घास उतरत नाही. राहायच्या कोप्यांजवळ संडास नाही, म्हणून बाया पाणीच कमी पितात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो. गरोदरपणी तो अंगावर काढला, तर वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

तिची नोंद गावाकडच्या आशाताईंच्या वहीत. इथल्या आशाताईंना ती आल्याचं कुणी कळवलं तर कळणार.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. विधिमंडळात चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली. त्याच पिशवीत बाळ होतं, तेव्हा ती याच फडात मोळ्या वाहत होती.